अडत किती आणि चुकारा कधी

१८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमाखाली आला. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटकडे होता, आणि त्याच्या हुकमाने कारंज्यात सुरू झालेला तो बाजार देशातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार मानला जातो. अकरा वर्षांनी, १८९७ मध्ये, वऱ्हाडाला कापूस आणि धान्य बाजारासाठी स्वतंत्र कायदाच मिळाला. इथला कापूस तोवर लिव्हरपूलला पोचला होता. अमरावतीच्या नावावरून पडलेल्या ‘ऊमरा’ या नावाने तिथे त्याचे सौदे होत. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ आणि पुरेसा कापूस हवा होता, म्हणून सरकारला ही काळजी सुचली हे उघड आहे. तरीही त्या कायद्याने एक गोष्ट केली. बाजार कुठे भरेल, तिथे व्यापार कोण करेल आणि नियम कोण राबवेल, हे कागदावर आलं.

नियम नसलेल्या बाजारात काय चालायचं ते जुन्या माणसांकडून अजून ऐकायला मिळतं. शेतकरी बंडी घेऊन अडत्याच्या दारात उभा राही. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, त्याला भाव सगळ्यांत शेवटी कळे. मग हिशेब व्हायचा. त्यातून अडत जायची, हमाली जायची, तोलाई जायची, धर्मादाय जायचा, कसर म्हणून आणखी थोडं जायचं, आणि उरलेलं हातात पडायचं. बरेचदा अडत्यानेच पेरणीच्या वेळी उचल दिलेली असे, त्यामुळे दुसऱ्याच्या दारात बंडी नेण्याची सोय नसे.

आज अमरावतीत साईनगरला किंवा अकोल्यात जठारपेठेत घरी बसून पुण्या-बंगळुरूचं, क्वचित परदेशाचं काम करणारी बरीच तरुण मंडळी आहेत. कोणी सॉफ्टवेअर लिहितं, कोणी भाषांतर करतं, कोणी इमारतींची ड्रॉइंग काढतं, कोणी व्हिडिओ एडिट करतं. त्यांची नोकरी नाही. काम कंत्राटावर, आणि ते कंत्राट बहुतेक वेळा एजन्सीमार्फत. ग्राहक कंपनी एजन्सीला पैसे देते, एजन्सी आपला वाटा ठेवून उरलेले काम करणाऱ्याला देते. ग्राहकाने नेमके किती दिले, हे काम करणाऱ्याला बहुधा सांगितलं जात नाही. रुमाल अजून तिथेच आहे.

इथे एक फरक आधी सांगायला हवा. सरकारी कार्यालयांत एजन्सीमार्फत भरले जाणारे डेटा एंट्री ऑपरेटर किंवा शिपाई हे वेगळं प्रकरण आहे. राज्य सरकारने ६ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने मनुष्यबळ पुरवायला नऊ संस्था नेमल्या होत्या. राज्यभर विरोध झाला आणि २० ऑक्टोबरला तो निर्णय रद्द करत असल्याचं जाहीर करावं लागलं. त्या कामगारांना किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी वगैरे कामगार कायद्यांचा आधार असतो, तो कितपत पाळला जातो हा प्रश्न निराळा. स्वतंत्रपणे काम घेणाऱ्याला तो आधार नसतो. त्याचं सगळं रक्षण त्याने सही केलेल्या करारात आणि व्यापाराच्या कायद्यांत असतं. म्हणून त्याने करार वाचायला शिकणं अटळ आहे.

माझं म्हणणं असं की एजन्सीशी बोलताना पहिल्यांदा टक्क्यांवर भांडू नये. पहिल्यांदा हिशेबपट्टी मागावी. १८९७ च्या कायद्याने अडत्याला बाजारातून हाकललं नाही, त्याला परवान्याखाली आणलं. आणि अडत्याला खरोखरच हाकलून पाहिलं तेव्हा काय झालं, तेही वऱ्हाडाने अनुभवलं आहे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. खासगी व्यापारी बाजूला झाला, सरकार थेट शेतकऱ्याकडून कापूस घेऊ लागलं. पण पैसे हप्त्यांनी मिळत, आणि पुढे पुढे चुकारे इतके रखडू लागले की शेतकरी रातोरात कापूस शेजारच्या राज्यात नेऊन विकत. दलालाचा वाटा गेला, तरी पैसा हाती कधी येणार हा प्रश्न सुटला नाही. किती कापलं आणि कधी दिलं, हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

आधी ‘किती’ पाहू. समजा ग्राहक महिन्याला १,००,००० रुपये देतो आणि तुमच्या हाती ७५,००० येतात. एजन्सी म्हणेल, आमचा वाटा २५ टक्के. ग्राहकाच्या बिलावर मोजलं तर ते बरोबर आहे. तुमच्या मोबदल्यावर मोजलं तर तोच वाटा ३३ टक्क्यांहून जास्त भरतो. उलट एखादी एजन्सी ‘तुमच्या दरावर आम्ही फक्त २५ टक्के लावतो’ म्हणाली, तर ७५,००० वर ते १८,७५० होतात, ग्राहकाचं बिल ९३,७५० होतं आणि बिलावर मोजलेला वाटा २० टक्के ठरतो. टक्का तोच, रकमेत ६,२५० रुपयांचा फरक. त्यामुळे कोणी टक्का सांगितला की लगेच विचारावं, ‘कशावर?’ त्याहून चांगलं म्हणजे टक्का बाजूला ठेवून दोन आकडे रुपयांत लिहून घ्यावेत: ग्राहकाकडून येणारा आणि आपल्याला मिळणारा.

एजन्सी ग्राहकाचा दर सांगायला बांधलेली नसते. पण तुम्ही विचारायला मोकळे असता, आणि नकार कसा मिळतो त्यातूनही बरंच कळतं. ‘मॅडम, ग्राहकाला माझा दर काय सांगितलाय, एवढं कळलं तर मला माझा आकडा ठरवता येईल,’ एवढं साधं वाक्य पुरतं. दर सांगणार नसतील तर वाट्याची कमाल मर्यादा तरी करारात लिहायला सांगावी. तेही होत नसेल, तर मध्ये किती हात आहेत हे विचारावं. कापसात जसा खेडा खरेदीवाला गावातून माल उचलतो, तो मोठ्या व्यापाऱ्याला देतो आणि मग तो जिनिंगला जातो, तसं इथेही ग्राहक, त्याचा मोठा पुरवठादार, त्याच्या हाताखालची छोटी एजन्सी आणि मग तुम्ही, अशी उतरंड असते. समोरची एजन्सी १० टक्के घेते हे खरं असू शकतं. पण तिच्या वरच्याने आधीच २५ घेतलेले असतात. त्या वेळी समोरच्याशी दोन टक्क्यांसाठी भांडण्यापेक्षा पुढच्या कामाला एक हात कमी कसा होईल ते पाहणं फायद्याचं.

एजन्सीने वाटा घेऊच नये असं मात्र मला वाटत नाही. बडनेऱ्यात बसलेल्या मुलीला पुण्याच्या मोठ्या कंपनीत थेट दार उघडणं कठीण असतं. कंपनी नोंदणीकृत पुरवठादाराशीच व्यवहार करते, तिच्या कागदपत्रांना महिने लागतात. एजन्सी ग्राहक शोधते, कागद सांभाळते, आणि चांगली असेल तर ग्राहकाने पैसे देण्याआधी तुम्हाला देते, म्हणजे उधारी आपल्या अंगावर घेते. या प्रत्येक कामाची किंमत वेगळी आहे. ग्राहक तुम्हीच आणला आणि एजन्सी फक्त बिल पुढे पाठवत असेल, तर शोधण्याचा मोबदला तिने मागू नये. ग्राहकाचे पैसे आल्याशिवाय ती तुम्हाला दमडी देत नसेल, तर उधारीची जोखीम तुम्ही उचलताय, तिने नाही. आणि करार दुसऱ्या वर्षी पुढे चालू झाला, तर ग्राहक शोधण्याचं काम पुन्हा झालेलं नसतं. म्हणून पहिल्याच करारात ‘मुदतवाढीनंतर वाटा इतका कमी’ असं लिहून घेणं योग्य आहे. हे मुद्दे मांडले की बोलणं घासाघीस राहत नाही, कामाचा हिशेब होतो. एजन्सीतल्या जाणत्या माणसाला तो समजतो.

आता ‘कधी’. बाजार समितीत माल विकला की चोवीस तासांत चुकारा द्यावा, असा आपल्याकडे नियम आहे. स्वतंत्र काम करणाऱ्याच्या करारात मात्र साठ दिवस, नव्वद दिवस सहज लिहिलेले असतात, आणि टक्क्यासाठी तासभर भांडलेला माणूस ती ओळ वाचतही नाही. तिची किंमत काढून पाहा. महिन्याला ७५,००० आणि नव्वद दिवसांची उधारी, म्हणजे कायम तुमचे २,२५,००० रुपये दुसऱ्याकडे अडकलेले. घर चालवायला तेवढी रक्कम वर्षाला १५ टक्क्यांनी उसनी घेतली तर व्याज ३३,७५०, म्हणजे महिन्याला २,८०० च्या वर. हीच उधारी तीस दिवसांवर आली तर महिन्याला १,८७५ रुपये वाचतात. दर अडीच टक्के वाढवून मिळाल्यासारखंच. आणि एजन्सीसाठी दर वाढवण्यापेक्षा तारीख अलीकडे आणणं पुष्कळदा सोपं असतं, कारण दराला वरिष्ठांची मंजुरी लागते.

सगळ्यांत घातक ओळ असते ती अशी: ग्राहकाकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर मोबदला देण्यात येईल. त्यात तारीख नाही. ग्राहकाचं आणि एजन्सीचं भांडण झालं, ग्राहक बुडाला, किंवा एजन्सीने बिलच उशिरा पाठवलं, तरी थांबायचं तुम्ही. ही ओळ पूर्ण काढत नसतील तर तिच्यापुढे एवढं जोडायला सांगावं: ‘किंवा बिल दिल्यापासून ४५ दिवसांत, यापैकी जे आधी होईल ते.’

४५ हा आकडा हवेतला नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ मधून तो आला आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्याकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार काहीही असो, पैसे स्वीकृतीपासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होत जाणारं व्याज लागतं. सेवा पुरवणारा एकटा माणूसही या कायद्यात सूक्ष्म उद्योग होऊ शकतो, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून आयकर कायद्यानेही त्याला जोर दिला: या मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदार कंपनीला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येते. मार्च जवळ आला की कंपन्यांचे लेखा विभाग अचानक या नोंदणीचा ‘उद्यम’ क्रमांक विचारू लागतात, ते यामुळे.

या कायद्यातली आणखी एक तरतूद वऱ्हाडातल्या माणसाच्या फार कामाची आहे. एजन्सीच्या करारात शेवटी ‘सर्व वाद मुंबईच्या न्यायालयात’ किंवा ‘बंगळुरूत लवादापुढे’ असं लिहिलेलं असतं. साठ हजारांच्या बाकीसाठी अकोल्याहून बंगळुरूला कोण जाईल? एजन्सीला ते पक्कं माहीत असतं. पण थकीत रकमेचा वाद सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे नेला, तर पुरवठादार ज्या भागात आहे तिथल्या परिषदेला तो ऐकता येतो, खरेदीदार देशात कुठेही असो. करारात लवादाचं कलम असलं तरी परिषदेकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. निकाल चटकन लागतो असं नाही. मात्र अर्ज दाखल झाल्याची सूचना गेली की बरीच रखडलेली बिलं हलतात.

करार संपल्यानंतरचीही एक अट असते: अमुक वर्षं आमच्या ग्राहकाकडे थेट काम करायचं नाही. या बाबतीत एका मराठी मुलखातल्या खेळाडूचा खटला लक्षात ठेवण्यासारखा आहे. श्रीरामपूरच्या झहीर खानने २००० साली परसेप्ट डी'मार्क या व्यवस्थापन कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. त्यात असं कलम होतं की मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणी देकार दिला, तर तो आधी परसेप्टला कळवायचा आणि तिला तेवढीच रक्कम देऊन करार घेण्याची संधी द्यायची. झहीर दुसरीकडे निघाला, कंपनी न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी मनाई दिली, खंडपीठाने ती उठवली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाची बाजू उचलून धरली. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट निरर्थक ठरते, आणि करार चालू असेपर्यंत मान्य होणारं बंधन करार संपल्यावर लादता येत नाही, असा त्याचा अर्थ.

याचा अर्थ एजन्सीचा ग्राहक चालू करारातच पळवावा असा नाही. ते करारभंगच ठरेल, शिवाय छोट्या शहरातून काम करणाऱ्याची पत त्याच्या शब्दावर चालते. पण सही करतानाच ही अट आखून घ्यावी. ‘आमचे सर्व ग्राहक’ असं मोघम न ठेवता ज्यांच्यासाठी प्रत्यक्ष काम केलं त्यांचीच नावं, मुदत सहा महिने, आणि एजन्सीने स्वतः काम देणं बंद केलं तर अट आपोआप रद्द. ग्राहकाला तुम्हाला थेट घ्यायचंच असेल तर एजन्सीला एकरकमी किती द्यायचं, हेही लिहून ठेवता येतं. पुढची कटुता टळते.

सूचनेची मुदत दोन्ही बाजूंना सारखी हवी. तुम्ही महिनाभर आधी कळवायचं आणि एजन्सीने आजच्या आज बंद करायचं, असं बऱ्याच मसुद्यांत असतं. मध्येच सोडल्यास अमुक लाख भरपाई, हे वाचून घाबरू नये. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, वाजवी भरपाईच मिळते. लेखन, चित्र, कोड यांवरचा हक्क ‘पूर्ण मोबदला मिळाल्यावर’ हस्तांतरित होईल, एवढे तीन शब्द घालून घ्यावेत. प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे असं हस्तांतरण लेखीच असावं लागतं, त्यामुळे त्या कागदावर तुमचं वजन आहे.

कराच्या नावाखाली होणारा गोंधळही ओळखता आला पाहिजे. तुमच्या बिलातून कापलेला टीडीएस ही एजन्सीची कमाई नव्हे. तो तुमच्या पॅनवर जमा झालेला तुमचाच आगाऊ कर आहे, आणि जमा झाला की नाही हे आयकर पोर्टलवर तपासता येतं. एजन्सी ग्राहकाला लावते तो १८ टक्के जीएसटी बिलाच्या वर असतो. ‘जीएसटी जातो म्हणून तुम्हाला कमी’ हे कारण कोणी दिलं तर ते मान्य करू नये. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला स्वतःला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

आता शेवटचा आणि अवघड भाग: हे सगळं बोलायचं कधी. १८९७ च्या कायद्याने नेमलेल्या बाजार समितीत व्यापाऱ्यांचं वर्चस्व होतं. कापूस पिकवणारा तिथे नव्हता. आज महाराष्ट्रातल्या बाजार समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बहुमतात असतात, अडते-व्यापाऱ्यांचे दोनच. हा बदल व्हायला पिढ्या लागल्या. एजन्सीच्या कराराचा मसुदा आजही एकट्या एजन्सीचा असतो, आणि त्यात तुमची बाजू घालण्याची वेळ एकच: निवड झाल्याचं कळल्यापासून सही होईपर्यंतचे चार-आठ दिवस. तेव्हा एजन्सीने तुमचं नाव ग्राहकाला कळवलेलं असतं आणि तिलाही काम हवं असतं. काम सुरू झाल्यावर ती ताकद जाते.

ज्याच्याकडे पुढच्या महिन्याचा किराणा नाही, त्याला हे चार-आठ दिवससुद्धा परवडत नाहीत. उचल घेतलेल्या शेतकऱ्याला अडत्याशी भाव बोलता येत नसे, त्यातलंच हे दुखणं आहे. म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणं आणि एका एजन्सीवर सगळं काम न टेकवणं, हा वाटाघाटीचाच भाग समजावा. आणि एकाच शहरात तेच काम करणाऱ्यांनी एकमेकांना आपले दर सांगावेत. अमरावतीचा भाव अकोल्याला कळतो म्हणून कापूसवाला आज फसत नाही. आपण मात्र शेजारच्या टेबलावरच्या मित्रालाही आकडा सांगायला लाजतो. त्या लाजेचा फायदा फक्त मधल्याला होतो.

उद्यम नोंदणी सरकारच्या पोर्टलवर आधार आणि पॅन वापरून होते आणि तिला एक रुपयाही शुल्क नाही. पैसे मागणारी संकेतस्थळं खासगी आहेत, तिकडे जाऊ नका. वाद झाल्यावर केलेली नोंदणी जुन्या कामासाठी उपयोगी पडेल याची खात्री नसते, म्हणून पुढच्या करारावर सही करण्याआधी ती करून घ्या आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.